दारोदारी मोजलेला तंबाखू
टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभाग ते हीलिस : एका कामाचा इतिहास

अणुकेंद्र, विश्वकिरण आणि गणित यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक विभाग दातांचा होता, हे आज अनेकांना सांगूनही खरे वाटत नाही. त्याचे नाव बेसिक डेंटल रिसर्च युनिट. डॉ. फली मेहता हे दंतवैद्य त्याचे प्रमुख. या विभागातले दंतवैद्य प्रयोगशाळेत कमी आणि खेड्यांतल्या ओसऱ्यांवर जास्त दिसत. घरोघरी जाऊन लोकांना तोंड उघडायला सांगायचे, गालाच्या आतली बाजू, जीभ, टाळू तपासायची आणि तंबाखू कोणता, कसा, किती वर्षे घेता हे विचारून लिहून घ्यायचे, असे त्यांचे काम. हे काम पुढे चार दशके चालले. देशातल्या तंबाखूविषयी आज आपण जे खात्रीने बोलतो, त्यातले बरेचसे या वह्यांतून आले आहे.

या कामाला पार्श्वभूमी होती ती परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची. १९४१ साली ते सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की आपल्याकडे कर्करोगाचे रूप युरोपपेक्षा वेगळे आहे. इथे तोंड आणि घसा यांचे रोगी फार. डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी यांनी रुग्णालयातल्या रोग्यांचा अभ्यास करून तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा या कर्करोगांशी असलेला संबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. पण रुग्णालयात पोचतो तो रोगी. ज्याच्याजवळ परळपर्यंत येण्याचे भाडे नाही, जी बाई दुखणे अंगावर काढते, ज्याला आपल्या तोंडातला पांढरा चट्टा हे दुखणेच वाटत नाही, ती माणसे त्या हिशेबात येत नाहीत. मेहतांनी हा हिशेब उलट्या टोकाने सुरू केला. त्यांनी रोगी सोडून माणसे धरली. सुरुवात मुंबईच्या पोलिसांपासून झाली. ४,७३४ पोलिसांच्या तोंडांची तपासणी करून पान खाणाऱ्यांत आणि बिडी ओढणाऱ्यांत पांढऱ्या चट्ट्यांचे, म्हणजे ल्युकोप्लाकियाचे, प्रमाण किती हे त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. पुढे दहा वर्षांनी त्याच पोलिसांना शोधून पुन्हा तपासले. एकदा तपासलेल्या माणसाकडे परत जायचे, ही या विभागाची रीत तिथेच पडली.

१९६६-६७ साली काम मुंबईबाहेर पडले. पाच जिल्हे निवडले : केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम, गुजरातेतील भावनगर, बिहारमधील दरभंगा आणि त्या वेळी बिहारमध्येच असलेला सिंगभूम. प्रत्येक जिल्ह्यात सुमारे दहा हजार, एकूण ५०,९१५ खेडूत. पैसा आला तो पीएल-४८० च्या निधीतून. अमेरिकन गव्हाची किंमत म्हणून आपल्या सरकारने रुपयांत भरलेली रक्कम इथल्याच संशोधनाला मिळत असे. ज्या पिढीने रेशनच्या रांगेत तो लाल गहू घेतला, तिला हे वाचून थोडे नवल वाटेल. कोपनहेगनचे प्रसिद्ध तोंडरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग या कामात सहकारी होते.

पाच जिल्हे का, एकच का नाही, या प्रश्नातच या विभागाचे मोठेपण आहे. ‘भारतात अमुक टक्के लोक तंबाखू वापरतात’ असे एक वाक्य लिहून मोकळे होता आले असते. पण एर्नाकुलमचा शेतमजूर पानात तंबाखू घालून चघळत होता. दरभंग्याचा माणूस तळहातावर चुना चोळून केलेली खैनी ओठामागे दाबून ठेवत होता. भावनगरात बिडी होती आणि हुक्ली नावाची आखूड मातीची चिलीम होती. हे सगळे एका टक्केवारीत घातले की कोणत्या माणसाला काय सांगायचे हे कळेनासे होते. ज्याने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही, त्याला धूम्रपानाच्या तोट्यांचे व्याख्यान देऊन काय होणार?

यातला सर्वांत विलक्षण जिल्हा श्रीकाकुलम. तिथे घरीच वळलेला तंबाखूच्या पानाचा चुट्टा ओढतात, आणि अनेकजण तो उलटा ओढतात. पेटलेले टोक तोंडात, दुसरे बाहेर. तेलुगूत याला अड्डपोगा म्हणतात. हे करणाऱ्यांत बायका जास्त होत्या. शेतात, किनाऱ्यावर, वाऱ्यात काम करताना चुट्टा विझत नाही आणि फार वेळ पुरतो, असे सांगितले जाई. त्या बायकांचे टाळू तपासले तेव्हा दंतवैद्यांना जे दिसले ते जगातल्या इतर ठिकाणच्या पुस्तकांत क्वचितच होते. टाळूच्या कठीण भागाचा कर्करोग एरवी दुर्मीळ. इथे तो आणि त्याच्या आधीचे बदल नेहमीचे होते. जळता विस्तव रोज टाळूखाली धरणाऱ्या बाईचा हा रोग देशाच्या कोणत्याही सरासरीत उमटला नसता. ती गरीब होती, निरक्षर होती, जिल्ह्याच्या रुग्णालयापासून दूर होती, आणि तंबाखूविरोधी प्रचार म्हटला की ज्याच्या डोळ्यांपुढे शहरातला सिगारेट ओढणारा पुरुष येतो, त्याच्या कल्पनेत तर ती नव्हतीच.

गोव्यातही असाच शोध लागला. तिथे धुमटी नावाची शंकूच्या आकाराची वळलेली विडी ओढतात, आणि तीही काहीजण उलटी ओढत. विभागाच्या दंतवैद्यांनी गोव्यातल्या ५,४४९ खेडुतांची तपासणी करून १९७६ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. श्रीकाकुलमशी गोव्याचा काही संबंध नाही, भाषा वेगळी, किनारा वेगळा, तरी सवय तीच. या गोष्टी नकाशावर बसून कळत नाहीत. त्या विचाराव्या लागतात.

महाराष्ट्रात हे काम पुणे जिल्ह्यात झाले, आणि आकाराने ते सगळ्यांत मोठे होते. १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली गेली. १९७२ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो निबंध आला. लाखभर माणसांच्या तोंडात डोकावण्यासाठी किती वाड्यावस्त्या तुडवाव्या लागल्या असतील, याची कल्पना पुणे जिल्ह्याचा पश्चिम डोंगराळ भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना करता येईल.

पुण्याच्या या खेड्यांत पुरुषांचा तंबाखू म्हणजे चुना लावून मळलेली चिमूट. ती सगळ्यांना ठाऊक होती, चावडीवर बसून उघड खाल्ली जात होती. बायकांचा तंबाखू मात्र मशेरी. तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, त्याची पूड करायची, ती डबीत भरून ठेवायची आणि सकाळी उठल्यावर बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. भाजतानाचा खाट शेजारच्या चार घरांत जातो. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही. ती दात घासते. सुरुवात दातांसाठी होते आणि मग मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, कामाला हात लागत नाही. दिवसातून एकदा लावणारी दोनदा, तीनदा लावू लागते. सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे ही डबी जाते. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही बाई’ असेच येणार, आणि ते तिच्या दृष्टीने खरे असणार. म्हणून मशेरी हा वेगळा प्रश्न करून विचारावा लागतो, आणि तो तिला एकटीला, घरातल्या पुरुषांच्या अनुपस्थितीत विचारावा लागतो. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. कारखान्यात तयार होणाऱ्या मालावर ती लागू पडली. घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी कायद्याच्या हाती लागणारी वस्तू नव्हती. माझ्या मते तंबाखूच्या बाबतीत बायकांकडे झालेल्या दुर्लक्षाचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. ज्या वस्तूचा कारखाना नाही, जाहिरात नाही, पाकीट नाही, तिच्यावर सचित्र इशारा छापणार कुठे?

मोजणीनंतर विभाग थांबला नाही. एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर येथील सुमारे तीस हजार जणांकडे दहा वर्षे परत परत जाऊन तपासणी झाली. त्यातून जे दिसले ते साधे आणि भयंकर होते. तोंडाचे नवे कर्करोग तंबाखू वापरणाऱ्यांतच निघाले, आणि बहुतेक वेळा आधीपासून असलेल्या चट्ट्याच्या किंवा डागाच्या जागी निघाले. म्हणजे रोग येण्याआधी काही वर्षे तोंड निरोप देत होते. दंतवैद्याने आरशाने पाहिले तर तो निरोप वाचता येत होता.

मग प्रश्न आला की वाचून करायचे काय. १९७७ च्या सुमारास याच तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,४७१ जणांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. प्रत्येकाला दरवर्षी भेटायचे, तोंड तपासायचे, आरसा हातात देऊन त्याचाच चट्टा त्याला दाखवायचा आणि समोरासमोर बोलायचे. सोबत गावात चित्रपट, भित्तिचित्रे, आकाशवाणी, वर्तमानपत्रे. सगळ्या जिल्ह्यांत एकच साचा नव्हता. एर्नाकुलममध्ये वर्तमानपत्र आणि रेडिओ लोकांपर्यंत पोचत होते, कारण तिथे वाचणारे होते. जिथे वाचणारे नव्हते तिथे बोलण्यावर आणि दाखवण्यावर भर द्यावा लागला.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सल्ला दिल्याने फरक पडतो का हे पाहायचे तर ज्यांना सल्ला दिलेला नाही असा दुसरा गट तुलनेला लागतो. पण रोगाची चाहूल दिसत असताना अर्ध्या गावाला मुद्दाम काही न सांगता ठेवायचे, हे करायचे कसे? विभागाने तो पेच आपल्याच जुन्या वह्यांतून सोडवला. १९६६-६७ पासून ज्यांची पाहणी झाली होती, त्यांच्या नोंदींचा तुलनेसाठी उपयोग केला आणि नव्या प्रयोगातल्या कोणालाही सल्ल्यावाचून ठेवले नाही. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला वारंवार सांगितले त्यात तंबाखू सोडणारे व कमी करणारे अधिक होते आणि नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले होते. सोडला की तोंड सुधारते, हे प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने सिद्ध झाले. त्या निबंधाचे पहिले लेखक डॉ. प्रकाश गुप्ता. ते संख्याशास्त्राच्या वाटेने या विभागात आले, दंतवैद्यांच्या बरोबरीने खेड्यांतल्या नोंदींवर काम करत राहिले आणि मेहतांच्या नंतर या परंपरेचे मुख्य वाहक झाले. डॉ. दफ्तरी, डॉ. भोंसले, डॉ. मूर्ती, डॉ. सिनोर ही नावे त्या काळच्या निबंधांवर पुन्हा पुन्हा येतात. रोजची पायपीट त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या स्थानिक कार्यकर्त्यांची होती, ज्यांची नावे निबंधांवर येत नाहीत.

एकदा केलेली योजना कायमची नसते, हा धडा भावनगरने दिला. १९९३-९४ साली विभागाची माणसे तिथे परत गेली तेव्हा तंबाखूचे रूप बदलले होते. बिडीच्या गावात मावा आला होता : सुपारीचे तुकडे, थोडा तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चोळलेला. विदर्भात त्याच्याच जातकुळीच्या वस्तूला खर्रा म्हणतात. ५,०१८ पुरुषांच्या तपासणीत १६४ जणांचे तोंड आतून घट्ट होऊ लागलेले आढळले. सबम्युकस फायब्रोसिस हा तो रोग. गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही, घास घेता येत नाही, आणि पुढे कर्करोगाचा धोका. यातले बरेचसे तरुण होते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाहणीत याच जिल्ह्यात हा रोग क्वचित दिसला होता. म्हाताऱ्यांच्या बिडीसाठी आखलेला प्रचार या मुलांच्या कानावरून गेला असणार.

नव्वदच्या दशकात विभागाचे लक्ष मुंबईकडे परत वळले. १९९१ पासून मुंबई शहरातल्या पस्तीस वर्षांवरील रहिवाशांची नोंद सुरू झाली. आधार मतदारयाद्यांचा. हातात मावणारे छोटे संगणक घेऊन कार्यकर्ते चाळींतून, झोपडपट्ट्यांतून, जुन्या वाड्यांतून फिरले आणि उत्तरे तिथल्या तिथे भरत गेले. त्या काळी हे नवे होते. बड्या लोकांच्या इमारतींत मात्र प्रवेश मिळणे कठीण, पहारेकरी दारातच अडवत. त्यामुळे श्रीमंत वस्ती बाहेर राहिली. मला यात तोटा दिसत नाही. एरवी सगळ्या आरोग्य पाहण्यांत जी माणसे गळतात, तीच या पाहणीत भरली गेली.

९९,५९८ लोकांच्या पहिल्या नोंदींचा निबंध १९९६ साली आला. ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. बायकांचा जवळजवळ सगळा तंबाखू बिनधुराचा, आणि त्यात मशेरी पुढे. खेड्यातून गिरणगावात आलेली बाई आपली डबी बरोबर घेऊन आली होती. सगळ्यांत ठळक होती ती शिक्षणाची पायरी. शिक्षण जितके कमी तितका तंबाखू जास्त, आणि बायकांत हा उतार पुरुषांपेक्षाही तीव्र. एकाच शहरात, एकाच लोकलच्या रुळांच्या दोन बाजूंना, तंबाखूचे दोन देश होते.

नोंद झालेल्यांची संख्या पुढे १,४८,१७३ झाली. काही वर्षांनी त्यांच्या दारात पुन्हा जाऊन कोण हयात आहे, कोण गेले, हे पाहिले. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी अधिक निघाला. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांत तो २५ टक्क्यांनी अधिक होता. बिडी म्हणजे पानाची, साधी, गरिबाची, म्हणून सौम्य, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. तो या आकड्यांपुढे टिकत नाही. याच शहरातल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासाने २००४ साली दाखवले की मशेरी व इतर बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या आईचे बाळ सरासरी १०५ ग्रॅमने हलके जन्मते आणि दिवसही सुमारे सहाने कमी भरतात. ज्या घरात आईला आधीच पुरेसे अन्न नाही, तिथे शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला विचारावे.

विभागाच्या जीवनातले इतर टप्पे थोडक्यात सांगतो. १९९० च्या जानेवारीत कुलाब्यालाच तंबाखूजन्य कर्करोगांच्या नियंत्रणावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या ‘भारतातील तंबाखू नियंत्रण’ या सरकारी अहवालाचे संपादन डॉ. श्रीनाथ रेड्डी आणि डॉ. गुप्ता यांनी केले. २००४ मध्येच गुप्तांच्या संचालकत्वाखाली नवी मुंबईत हीलिस-सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि जुन्या विभागाचे काम तिथे पुढे चालू लागले. मार्च २००९ मध्ये तंबाखू आणि आरोग्य या विषयावरची चौदावी जागतिक परिषद मुंबईत भरली.

हीलिसच्या कामांतले एक मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण त्यात समाजाकडे बघण्याची या परंपरेची दृष्टी पुरती उतरली आहे. २००० साली बिहारमधल्या शाळांतील शिक्षक-कर्मचाऱ्यांची पाहणी झाली तेव्हा चारांपैकी तिघांहून अधिक जण तंबाखू वापरणारे निघाले. वर्गात फळ्यापाशी उभे राहून खैनी मळणारा गुरुजी मुलांना काय शिकवणार, असे म्हणून त्याला दोष देणे सोपे होते. हीलिस आणि अमेरिकेतील डाना-फार्बर कर्करोग संस्था यांनी तसे केले नाही. त्यांनी शिक्षकाला रोगी न मानता गावाचा माणूस मानले. गावात ज्याचे ऐकतात तो शिक्षक सुटला तर त्याच्याबरोबर मुले आणि पालकही ऐकतील, अशी ती मांडणी. बिहारमधल्या ७२ शाळा निवडून, काहींत कार्यक्रम आणि बाकीच्या तुलनेसाठी अशी विभागणी करून, २००९ ते २०११ या काळात हे काम झाले. शाळेतच शिक्षकांच्या चर्चा, मुख्याध्यापकांचा सहभाग, शाळेचे तंबाखूमुक्तीचे धोरण, सोडणाऱ्याला सहकाऱ्यांची साथ. कार्यक्रम संपताच पाहिले तेव्हा तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी आधीचे तीस दिवस त्याला न शिवलेले कार्यक्रमाच्या शाळांत ५० टक्के होते, तुलनेच्या शाळांत १५. नऊ महिन्यांनंतर सहा महिने सलग दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १९ आणि ७ टक्के राहिले. घट झाली, ती झालीच. पण पाचांतला एक शिक्षक सहा महिने टिकतो, हे तंबाखू सोडवण्याच्या कामात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना लहान वाटणार नाही.

विषमता माणसाच्या सवयीत असते तशी सरकारच्या कायद्यांतही असते. सिगारेटवरचा कर वर्षानुवर्षे वाढत गेला, बिडीला मात्र कुटिरोद्योग म्हणून झुकते माप मिळाले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही बिडीवर सिगारेटसारखा उपकर लागला नाही. परिणामी ज्या तंबाखूने गरीब मरतो तोच स्वस्त राहिला. याला दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. सोलापुरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. बिडी महाग करायची तर त्या बायकांच्या हाताला दुसरे काम आधी हवे. तंबाखूचा भार कमी करण्याची कुठलीही योजना या दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करून होणार नाही. ज्यांनी बिडी ओढणाऱ्यांचे मृत्यू मोजले, त्यांच्या वारसांनी वळणाऱ्यांची मजुरीही त्याच काळजीने मोजावी, असे मला वाटते.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली, पुढे मावा-खर्राही तिच्या कक्षेत आणला. प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीत २००९-१० साली राज्यातले ३१.४ टक्के लोक तंबाखू वापरत होते, २०१६-१७ साली ते २६.६ टक्के झाले. ही घट खरी आहे आणि आनंदाची आहे. पण त्याच दुसऱ्या पाहणीतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत : बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. आपल्या कार्यालयांत, रेल्वे स्थानकांवर, चित्रपटगृहांत आजही ‘धूम्रपान निषिद्ध’ हीच पाटी सर्वांत मोठी असते.

गडचिरोलीतला खर्रा हा याच प्रश्नाचा आजचा चेहरा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम चालवला आहे. हीलिसशी त्याचे थेट नाते नाही, वाट मात्र तीच. गावाने एकत्र बसून ठरवायचे, दुकानांवर कायदा लागू करायचा, सोडू पाहणाऱ्याला उपचार द्यायचे, आणि हे जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांत एकाच वेळी करायचे. डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे की पंधरा ते चौपन्न वयोगटातील सुमारे ७२ टक्के आदिवासी पुरुष तंबाखू वापरतात, बिगर-आदिवासींत हे प्रमाण ५६ टक्के आहे. मेहतांच्या माणसांनी १९६६ साली आदिवासींचे सिंगभूम पाचांत का घेतले असेल, ते अशा वेळी कळते.

पुढच्या योजनेत काय हवे, ते या इतिहासावरून मला दिसते तसे लिहितो. राज्याचा एक आकडा पुरणार नाही. जिल्ह्याचा, आणि गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांत तालुक्याचा आकडा हवा. मशेरीला पाहणीच्या कागदावर स्वतंत्र रकाना हवा आणि तो प्रश्न विचारणारी बाई हवी. आशाताईंच्या गरोदर मातेच्या नोंदीत लोहाच्या गोळीशेजारी मशेरीची विचारपूस यावी. ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावरची माणसे मतदारयादीच्या गावात सापडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे फडावर, भट्टीवर जावे लागेल, आणि हंगाम संपण्याआधी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसणाऱ्या दंतवैद्याला आठवड्यातून एक दिवस खुर्ची सोडून उपकेंद्रावर जाण्याची मुभा आणि गाडी मिळावी. आरसा, विजेरी आणि वही एवढ्यावर त्याचे काम सुरू होऊ शकते. १९६६ सालीही ते तेवढ्यावरच सुरू झाले होते.